गाईडला शिव्या देणं सोपं आहे

"गाईड म्हणजे शिक्षणाला लागलेली गुलाबी बोंडअळी आहे!" प्रमुख पाहुणे एवढं बोलले आणि आमच्या गावच्या शाळेचा मांडव टाळ्यांनी दणाणला. धाकट्या भावाने दहावी-बारावीच्या पोट्ट्यांच्या गुणगौरवाचा व्हिडिओ पाठवला होता, त्यातलं हे वाक्य. गाव वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातलं, समोर बसलेले बहुतेक कापूसवाले. २०१७ला कापूस खाऊन गेलेली ती बोंडअळी तिथे कोणी विसरलेलं नाही, तेव्हा टाळी पडणारच होती. मग साहेबांनी सेवाग्राम जवळच असल्याची आठवण करून दिली, गांधीजींची नई तालीम काढली आणि गाईडवर बंदी घाला, पोरांनी फक्त बालभारतीचं पुस्तक वाचलं पाहिजे, असं सांगून हार घालून घेतला.

मी इकडे इंग्लंडात, मिल्टन कीन्समध्ये, कामावरून घरी येताना बसमध्ये हे ऐकत होते. डोकंच फिरलं.

पहिलं म्हणजे, नई तालीमचं नाव घेताना जरा जपून. १९३७च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी जे मांडलं, त्याच्या मध्यभागी हाताचं काम होतं, सूतकताई होती. पाठ्यपुस्तक नव्हतं. पुस्तकाची बाजू घ्यायची तर खुशाल घ्या, पण त्यासाठी बापूंना साक्षीला उभं करू नका. आणि अळीचंच बोलायचं तर अळी मारायला म्हणून आणलेल्या बीटी बियाण्यालाही ती का दबेना, हे शेतकऱ्याने विचारलं होतंच की. गाईड एवढं का माजलं, हे मात्र मांडवात कोणी विचारलं नाही.

मी सांगते. सातवीनंतर शाळा सोडलेल्या आईबापाच्या घरात रात्री भूमितीचं प्रमेय अडलं तर विचारायचं कोणाला? गुरुजी हिंगणघाटला राहतात, शिकवणी वर्ग हिंगणघाटला, आणि शेवटची एसटी कधीचीच गेलेली. अशा घरात पाठ्यपुस्तक स्वाध्यायात प्रश्न विचारून गप्प बसतं. गाईड उत्तर देतं. ते उत्तर ठोकळेबाज असेल, पण रात्री नऊ वाजता मिळतं. "पुस्तक वाचा" म्हणणाऱ्या साहेबांच्या स्वतःच्या घरी पुस्तक समजावून सांगणारं कोणीतरी असणार, याबद्दल मला शंका नाही.

शिवाय परीक्षा तशी आहे. भाषेच्या पेपरांना घोकंपट्टी मोडायला म्हणून कृतिपत्रिका, म्हणजे स्वतः विचार करून लिहायचे पेपर, आणले, तर लगेच तयार कृतिपत्रिकांचे संच बाजारात. दहावीला नवा अभ्यासक्रम आला आणि तोंडी परीक्षेचे वीस गुण काढले, तेव्हा मार्च २०१९चा राज्याचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. नागपूर विभाग सगळ्यांत खाली, ६७.२७. पुढच्या वर्षी ते गुण परत दिले. म्हणजे इतकी वर्षं निकाल फुगवत कोण होतं? गाईडवाला?

इथे असा तमाशा नाही. माझी लेक इयर इलेव्हनला आहे, म्हणजे इथल्या दहावीला. पेरेंट्स ईव्हिनिंगला तिच्या सायन्सच्या बाईंनीच सीजीपीची, म्हणजे इथल्या गाईडवाल्या प्रकाशनाची, यादी हातात ठेवली. शाळेतून घेतलं तर स्वस्त पडेल, म्हणाल्या. कोणाच्या चेहऱ्यावर लाज नाही, कोणी लपवत नाही. जुने पेपर, मार्क स्कीम, परीक्षकांचे अहवाल, सगळं बोर्डाच्या साइटवर फुकट. पानापानावर टुकार विनोद असलेलं ते रिव्हिजन गाईड घेऊन पोरं हाफ टर्मच्या सुट्टीभर बसतात आणि कोणाला शिक्षण बुडाल्यासारखं वाटत नाही.

हे मी भावाला फोनवर ऐकवलं. तो म्हणाला, "मंग पुस्तक कोणतं हाय तिचं?"

आता खरं सांगायचं तर पुस्तक नाही. झेरॉक्स आहेत, स्लाइड आहेत, एक लॉगिन आहे ज्याचा पासवर्ड सतत हरवतो. केंब्रिज असेसमेंट या परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या टिम ओट्स यांनी २०१४ साली याच विषयावर निबंध लिहिला होता. सिंगापुरात साधारण सत्तर टक्के मुलांचे शिक्षक गणिताला पाठ्यपुस्तक मुख्य आधार धरतात, इंग्लंडात दहा टक्के, असा त्यात आकडा आहे. माझ्या लेकीला प्रकाशसंश्लेषण सहा मुद्द्यांत येतं आणि सातवा विचारला की ती माझ्याकडे बघते. आपल्याकडे आठवीपर्यंत पुस्तक फुकट, पुढेही स्वस्त, आणि ई-बालभारतीवर कोणालाही उतरवून घेता येतं. इथल्या आयांना हे सांगताना माझी मान ताठ होते. म्हणजे गावाशी बोलताना मी इथलं गाईड मिरवते आणि इथे बोलताना तिथलं पुस्तक. भावाच्या हे लक्षात आलेलं आहे.

"आन् तिले ट्यूटर हाय ना शनिवारचा?" त्याने पुढचं विचारलं. आहे. विषय बदलला मी.

साहेबांचा राग मला एवढा का आला, तर त्या मांडवात ते माझ्याबद्दल बोलत होते. माझं दहावीचं गाईड वरच्या वर्गातल्या एका मुलीकडून निम्म्या किमतीत घेतलेलं होतं, तिच्या लाल रेघांसकट. इंग्रजीचे सगळे निबंध त्यातले. 'माझे गाव' या निबंधात नदीकाठ होता, हिरव्या टेकड्या होत्या, नारळाची झाडं होती. आमच्याकडे नाला, तोही दिवाळीनंतर कोरडा, आणि नजर जाईल तिथवर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. मी नारळ लिहिले आणि चांगले मार्क घेतले. इथे नोकरीला लागल्यावर सोबतच्या बाईने गाव कसं आहे म्हणून विचारलं, तर तोंडातून तीच वाक्यं आली, नदीकाठासकट. सहज, न अडखळता. पऱ्हाटीबद्दल इंग्रजीत बोलायला मला कोणीच शिकवलं नव्हतं, ना पुस्तकाने ना गाईडने. अजूनही इथल्या बऱ्याच जणांना मी नारळाच्या गावची वाटते आणि ते दुरुस्त करायचा मला कंटाळा येतो.

भाचा यंदा दहावीला आहे. त्याला मी गाईडचे पैसे पाठवले, आणि पाठवल्यावर 'आधी धडा वाच' असा लांबलचक मेसेज केला. त्याचं उत्तर आलं, "आत्या, धडा मोबाईलात हाय. समजत नाही म्हणून तं गाईड पाह्यजे." यावर साहेबांकडे काय उत्तर आहे, ते मला ऐकायचं आहे.

भावाला म्हटलं, पुढच्या कार्यक्रमाला मला बोलवा, मी देते उत्तर. "ये ना," तो म्हणाला, "शाळा उघडली का ठेवू. पण राह्यशीन किती दिवस?" विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात, तेव्हा लेकीच्या परीक्षा नुकत्या संपलेल्या असतील, मग माझी रजा, मग तिकिटांचे भाव, असा हिशोब मी मांडायला लागले. तो मध्येच म्हणाला, "राहू दे ताई. पाहुणी म्हणूनच ये मंग."