रामाची वाट कशी पाहावी

आवडत्या विज्ञान कादंबरीवर सिनेमा येणार अशी बातमी आली की आनंद होऊ देऊ नका. आनंद नवख्यांना होतो. मुरलेल्या वाचकाने कपाळाला आठ्या घालून ‘वाट लावणार बघा’ एवढं म्हणावं आणि तक्रारींच्या तयारीला लागावं.

कादंबरी शक्यतो आर्थर क्लार्क यांची ‘राँदेव्हू विथ रामा’ निवडा. 1973 ची आहे, ह्यूगो आणि नेब्युला हे विज्ञानकथांचे दोन्ही मोठे पुरस्कार मिळवलेली आहे आणि मुख्य म्हणजे तिच्यावरचा सिनेमा यायचं नाव घेत नाही. अभिनेते मॉर्गन फ्रीमन वीसहून अधिक वर्षं त्याच्या मागे आहेत. मधे दिग्दर्शक म्हणून डेव्हिड फिंचर यांचं नाव होतं. डिसेंबर 2021 मध्ये डेनी व्हिलनव्ह दिग्दर्शन करणार असं जाहीर झालं; पुढे ते ‘ड्यून’ या सिनेमालिकेच्या भागांत गुंतले आणि 2025 मध्ये जेम्स बाँडही त्यांच्या गळ्यात पडला. तुम्ही हळहळल्याचं दाखवा, मनात पेढे वाटा. न निघालेला सिनेमा बिघडत नाही.

कादंबरी कुणाला वाचायला मात्र देऊ नका. सगळ्यांनी वाचली तर तुमच्या आठ्यांना विचारतो कोण? फक्त वर्णन करा, तेही माणूस बघून. सूर्यमालेत शिरलेलं ‘रामा’ नावाचं एक महाप्रचंड पोकळ नळकांडं, पन्नास किलोमीटर लांब, वीस किलोमीटर व्यासाचं, चार मिनिटांत स्वतःभोवती एक गिरकी घेणारं. कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणाऱ्याला ही लांबी वेगळी समजवावी लागत नाही, त्याच्या पायांना ती पाठ असते. आतल्या समुद्राचं वर्णन मात्र जपून. तो नळकांड्याच्या आतून गोल फिरून आपल्या डोक्यावरही असतो. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात हे सांगितलं की लोक भौतिकशास्त्र विचारत नाहीत, कनेक्शन कुठून मिळेल ते विचारतात.

घरात नाव घेऊ नका. आत्या म्हणेल, “रामाचा पिक्चर आहे होय? मलाही ने की.” ग्रीक-रोमन देवांची नावं संपल्यामुळे खगोलशास्त्रज्ञ आपल्या देवांकडे वळले, हे कादंबरीतलं स्पष्टीकरण तिला देऊन बघा. संपली म्हणजे? आपल्याकडे तेहेतीस कोटी आहेत, मागून घ्यायची की! यावर तुमच्याकडे उत्तर नसतं.

खरी परीक्षा सोलापूरच्या पार्क चौकात, मित्रांत.

“शेवटी एलियन दिसतात का बे?”

“नाही.”

“मारामारी?”

“तशी नाही.”

“मग पिक्चर कशाचा काढायलेत?”

निर्मात्यांनाही इतकी वर्षं हाच प्रश्न छळत असावा, असं मला वाटतं. तुम्ही हे कबूल करू नका. ‘तुम्हाला नाही कळायचं’ म्हणा आणि विचारणाऱ्याच्याच पैशाने चहा प्या.

एखादा जाणकार निघालाच तर तो ‘2001: अ स्पेस ओडिसी’चा दाखला देईल. क्लार्क यांच्या त्याच नावाच्या पुस्तकात यान शनीकडे जातं. क्युब्रिक यांच्या 1968 च्या सिनेमात ते गुरूवरच थांबतं, कारण शनीची कडी पडद्यावर पटतील अशी जमेनात. आणि 1982 च्या पुढच्या कादंबरीत खुद्द क्लार्क यांनी सिनेमातला गुरूच धरला. लेखकाने इतका मोठा बदल गुपचूप पदरात घेतला, ही बातमी बाहेर फुटू देऊ नका. फुटलीच तर क्लार्क भिडस्त होते, असं ठोकून द्या. निष्ठेच्या बाबतीत वाचकाने लेखकाच्या चार पावलं पुढे असावं.

इतकं करूनही सिनेमा आलाच, तर सोलापुरात बघू नका. आयमॅक्सच्या भल्यामोठ्या पडद्यासाठी पुणे गाठा, म्हणजे त्याग दिसतो. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जा. या कामाला याहून शोभेल अशी गाडी रेल्वेकडे नाही. ती संध्याकाळी सहाच्या सुमारास पुण्याहून परत निघते, त्यामुळे सिनेमा तीन तासांचा असला तर ‘उगाच लांबवलाय’ आणि दोन तासांचा असला तर ‘सगळं कापलंय’, दोन्ही मतं घरूनच नेलेली बरी.

धोका एकच. सिनेमा चुकून आवडू शकतो. तसं झालं तर दौंड ते कुर्डुवाडी झोपल्याचं सोंग घ्या, शेजारच्याशी बोलू नका, आणि सोलापूर स्टेशनवर उतरायच्या आत एक तरी खोट शोधून ठेवा. रामातल्या जिन्याला हजारो पायऱ्या आहेत. पडद्यावर त्या कमी भरल्या, असं सांगा. मोजायला कोण जातंय?