फक्त शिजवून प्रश्न सुटत नाही
‘चिकन नीट शिजवलं की औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंची भीती उरत नाही’ हे चिकनवरच्या लेखातलं विधान अपुरं आहे. चांगलं शिजल्यावर साल्मोनेला, ई. कोलाय हे आजार देणारे जंतू मरतात, हे खरंच. पण त्याआधी? दुकानातला ठोकळा, सुरी, पिशवी, आणि घरी त्याच विळीवर चिरलेला कच्चा कांदा!

मोहोळजवळ आमचं करारावरचं ब्रॉयलरचं, म्हणजे मांसाच्या कोंबड्यांचं शेड आहे. पिल्लं, खाद्य, औषध सगळं कंपनीचं. पाण्यात मिसळायच्या पुडीत काय आहे, हे विचारूनही नीट सांगत नाहीत. चार पक्षी मलूल दिसले तरी औषध सगळ्या शेडला, कारण पाण्याची लाइन एकच. जंतूंना औषध पचवायची सवय लागते ती इथे. बॅच निघाली की भुसा-विष्ठेचं खत बागांत जातं, पुष्कळदा न कुजवताच. त्यातले जंतू मातीत, पाण्यात उतरतात, आणि आम्ही तर रोज त्यातच वावरतो. लेखात याबद्दल एक ओळही नाही.

माणसासाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेलं कोलिस्टिन हे जंतुनाशक औषध केंद्राने २०१९ मध्ये पशुपालनात बंद केलं, ते योग्यच झालं. आता प्रत्येक पुडीवर औषधाचं नाव आणि विक्रीआधी ते किती दिवस थांबवायचं, हे मराठीत छापणं सक्तीचं करा.