रज्जू पोटाशी, नाव पाठीचं

भाऊ, गांडुळाच्या चेतारज्जूवर, म्हणजे नसांच्या दोरावर, मी लिहिलं त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा वाटलं की तिनातला एक मुद्दा तरी बरोबर आहे. बाकीच्या वाचकांसाठी सांगतो: दहावीच्या पुस्तकात गांडूळ 'असमपृष्ठरज्जू' गटात आहे, म्हणजे त्याला रज्जूच नाही, मग मास्तरांनी त्याच्या पोटातून चेतारज्जू कुठून काढला, हा भाऊंचा पहिला सवाल. दुसरं, 'गांडुळाला मेंदू नसतो' हे माझं वाक्य खोटं. आणि तिसरं, कापसाला भाव नाही तिथं किड्यांच्या नसा मोजून कोणाचं पोट भरणार?

मेंदूचं कबूल. गांडुळाच्या तिसऱ्या वलयात, घशाच्या वर, गुच्छिकांची, म्हणजे चेतापेशींच्या गाठींची, एक जोडी असते. लहान का होईना, मेंदूच तो. वाक्य आजच बदललं.

रज्जूचं मात्र नाही. घोटाळा नावानं केला आहे. पृष्ठरज्जू ही नस नव्हेच, ती आधाराची लवचीक काडी. आपल्यालाही ती गर्भात असते, पुढे तिच्या जागी मणके येतात आणि तिचा उरलासुरला अंश मणक्यांमधल्या चकत्यांच्या गाभ्यात राहतो. मेरुरज्जू, म्हणजे पाठीच्या कण्यातला नसांचा दोर, वेगळा. तो आतून पोकळ, पाठीच्या बाजूला, मोठ्या माणसात साधारण 45 सेंमी, आणि कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. सीझरच्या वेळी भुलीची सुई त्याच्या खाली देतात ती म्हणूनच. गांडुळाला काडी नाही, पण चेतारज्जू आहे: पोटाच्या बाजूला, आतड्याच्या खाली, भरीव, दोन धागे जोडून झालेला, आणि दर वलयात एक गाठ.

या गाठी काय करतात ते वावरात दिसतं. मागच्या निंदणाला एका काकूंच्या विळ्याखाली गोम आली, बरोबर मधोमध. पुढचा तुकडा वळवळत ढेकळाखाली गेला. मागचा, ज्याला डोकंच नव्हतं, तोही पाय टाकत वीतभर चालला आणि उपटलेल्या गवताच्या ढिगाला जाऊन थटला. काकू म्हणाल्या, "मास्तर, याचा जीव शेपटीत हाय काय?" अर्धं खरंच होतं ते. पाय उचलण्या-टाकण्याचा हिशेब ज्या त्या वलयाच्या गुच्छिकेत असतो, डोक्याला विचारावं लागत नाही. मान कापलेली कोंबडी फडफडते ती मेरुरज्जूच्या जोरावर, तिथंही तसंच काहीसं.

रज्जू किड्यांत पोटाशी आणि आपल्यात पाठीशी का? 1822 साली जॉफ्रॉय सेंत-इलेअर या फ्रेंच माणसानं चिरलेला लॉब्स्टर उताणा ठेवला आणि म्हणाला, बघा, आता याची रचना आपल्यासारखीच. लोक हसले. पण 1990 च्या दशकात कळलं की माशीत पोटाची बाजू ठरवणारं प्रथिन आणि बेडकात पाठीची बाजू ठरवणारं प्रथिन एकाच कुळातलं आहे, आणि एकाचं दुसऱ्यात घातलं तरी चालतं. कोण उलटं झालं, आपण की किडा, ते तुम्हीच ठरवा. मला तर आपणच वाटतो.

आता पोटाचा मुद्दा. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं माणसं गेली, ते तुम्ही विसरला नसाल. त्या फवाऱ्यांत ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधंही होती. नसेचा निरोप पोचवणारं अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन काम झालं की साफ करावं लागतं. हे औषध ती साफसफाईच बंद पाडतं. अळीत ते गुच्छिकांमध्ये घडतं. माणसात मेंदू-मेरुरज्जूतही, आणि वर स्नायू नि ग्रंथींतही. म्हणून तोंडाला लाळ, बाहुल्या टाचणीएवढ्या, दंड फुरफुरतात. रज्जू पोटाला असो की पाठीला, रसायन एकच. दवाखान्यात नेताना फवारणीच्या औषधाची बाटली सोबत न्या, अ‍ॅट्रोपिन हा उतारा द्यायचा की नाही ते डॉक्टरांना लेबलवरून लवकर ठरवता येतं.

भावाचं म्हणाल, तर माझाही कापूस अजून घरातच पडून आहे.