अरोरा हार्पने पेटवला नाही, आणि फोनही बंद करू नका

‘मे 2024 मध्ये लडाखच्या आकाशात दिसलेला लाल प्रकाश नैसर्गिक नव्हता. अलास्कातल्या हार्प केंद्राने आकाशात वीज सोडली. त्या लहरी अजून फिरताहेत, रात्री मोबाइल बंद ठेवा.’ हा मेसेज माझ्या मावशीपर्यंत पोचला. ती एकटी राहते, तिला दमा आहे, आणि तिने रात्रभर फोन खरंच बंद ठेवला.

म्हणून आधी फोनचं. अरोराचे, म्हणजे ध्रुवांकडच्या आकाशातल्या या प्रकाशाचे, विद्युतप्रवाह जमिनीपासून शंभरेक किलोमीटर आणि त्याहून वर वाहतात, ते उशाजवळच्या फोनमध्ये उतरत नाहीत. अरोरा पेटवणाऱ्या सौरवादळाने (सूर्याकडून येणाऱ्या विद्युतभारित कणांच्या तडाख्याने) जीपीएस चुकतं, लांब वीजवाहिन्यांत नको तो प्रवाह शिरतो हे खरं. मार्च 1989 मध्ये कॅनडातलं क्विबेक त्यामुळेच अंधारात गेलं. पण फोन बंद करून यातलं काय टळणार? दम्याच्या पेशंटला रात्री मदत मागता येणार नाही, एवढंच होईल.

आता हार्प. वरच्या वातावरणाच्या अभ्यासासाठी बांधलेलं ते केंद्र रेडिओलहरी सोडतं, जास्तीत जास्त 3.6 मेगावॅट. मोठ्या वादळात अरोरात ओतली जाणारी शक्ती शंभर गिगावॅटच्या पुढे जाते, म्हणजे पंचवीस हजार पटींहून जास्त! ती सौरवाऱ्यातून, म्हणजे सूर्यातून सतत वाहणाऱ्या विद्युतभारित कणांच्या झोतातून येते. सौरवारा पृथ्वीच्या चुंबकावरणाला (पृथ्वीभोवतीच्या चुंबकीय क्षेत्राच्या कवचाला) घासून जातो तेव्हा ध्रुवांवरच्या आकाशात हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि चुंबकीय रेषांच्या वाटेने लाखो अँपिअर प्रवाह खाली-वर वाहतो. नॉर्वेच्या बिर्केलँड या शास्त्रज्ञाने हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मांडलं होतं, अनेकांनी मानलं नाही; पुढे उपग्रहांनी ते प्रवाह मोजले. अरोराच्या वर काही हजार किलोमीटरवर त्या रेषांच्याच दिशेने विद्युतक्षेत्र तयार होतं, ते इलेक्ट्रॉनना खाली ढकलतं, आणि ते हवेवर आदळले की लखलखते पडदे दिसतात.

लाल रंग दोनशे किलोमीटरच्या वरच्या ऑक्सिजनचा. लडाखइतक्या दक्षिणेकडून तेवढाच उंच भाग दिसतो.

8 ते 10 मे दरम्यान हार्प चालू होतं, हे मान्य. पण सूर्यावरून निघालेले प्लाझ्माचे (विद्युतभारित वायूचे) लोट उपग्रहांनी 8 तारखेपासूनच टिपले होते आणि वादळाचा इशाराही आधीच दिला गेला होता.

एवढ्यानेही पटत नसेल तर मुंबईचीच नोंद बघा. सौरवादळ जितकं मोठं, तितकं जमिनीवर मोजलेलं चुंबकीय क्षेत्र जास्त घसरतं. 2 सप्टेंबर 1859 ला कुलाबा वेधशाळेत चुंबकीय क्षेत्र सुमारे 1600 नॅनोटेस्लाने (हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) घसरलं. त्सुरुतानी, लखीना आणि सहकाऱ्यांचा 2003 चा शोधनिबंध याच नोंदीवर उभा आहे. मे 2024 ची घसरण साधारण चारशेची. 1859 मध्ये हार्प सोडाच, रेडिओसुद्धा नव्हता, आणि अलास्का रशियाच्या ताब्यात होतं.