जकार्ताचं सुवर्ण वाटेत सापडलेलं नव्हतं

गेले काही दिवस पूर्णा, परभणी, नांदेडकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मला तो चौघांनी पाठवला. त्यातल्या दोघांची लेकरं सकाळी रेल्वे कॉलनीच्या मैदानावर माझ्याकडे फुटबॉल शिकायला येतात, म्हणून उत्तर देणं भाग आहे. मेसेज थोडक्यात असा: १९६२ च्या जकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत भारतानं जिंकलेलं फुटबॉलचं सुवर्ण फुकटात मिळालं. बलाढ्य संघ आलेच नव्हते. आपले खेळाडू तर अनवाणी खेळायचे, बूट घालावे लागतील म्हणून १९५० चा वर्ल्ड कपही सोडला होता. एकदा नशिबानं साथ दिली, त्याआधी काही नाही आणि नंतरही काही नाही. आणि शेवटी, हा बंगाल्यांचा खेळ, मराठवाड्यानं त्याचा अभिमान कशाला धरायचा?

पहिल्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते आधी मान्य करतो. यजमान इंडोनेशियानं इस्रायल आणि तैवानच्या पथकांना व्हिसा दिला नाही. तैवाननं १९५४ आणि १९५८ अशी सलग दोन वेळा आशियाई स्पर्धेची फुटबॉल सुवर्णं जिंकली होती. इस्रायलनं पुढे १९६४ चा आशिया चषक जिंकला. हे दोन चांगले संघ नव्हते, यात वाद नाही. पण मेसेज लिहिणाऱ्यानं पुढचं पान उलटलं नाही.

जे आले होते ते कोण होते? दक्षिण कोरिया १९५६ आणि १९६० चा आशिया चषक विजेता. १९६२ च्या वर्ल्ड कपसाठी हाच संघ जपानला हरवून युगोस्लाव्हियाविरुद्धच्या प्लेऑफपर्यंत पोचला होता. आपल्या गटात हाच कोरिया, शिवाय जपान आणि थायलंड. पहिल्याच सामन्यात कोरियानं आपल्याला २-० नं हरवलं. मग थायलंडला ४-१, जपानला २-०, उपांत्य फेरीत दक्षिण व्हिएतनामला ३-२ आणि ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात पुन्हा तोच कोरिया, या वेळी २-१. दहा दिवसांत पाच सामने, आणि ज्यानं हरवलं त्यालाच शेवटी हरवलेलं. पूर्वार्धात पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांनी तीन मिनिटांच्या अंतरानं गोल केले. कोरियाचा एकमेव गोल अगदी शेवटाकडे झाला.

आता मेसेजवाल्यांनी हे वाचावं. इस्रायल आणि तैवानला वगळल्याबद्दल जकार्तात उघड आक्षेप घेणारा माणूस भारताचाच होता, गुरुदत्त सोंधी. ज्या स्पर्धेतून दोन देश बाहेर ठेवले तिला आशियाई क्रीडास्पर्धा म्हणता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यावर तिथलं वातावरण भारताविरुद्ध पेटलं. जमावानं भारतीय दूतावासावर हल्ला केला. भारताच्या खेळाडूंची मैदानावर हुर्यो उडवली जात होती. पगडीमुळे शीख खेळाडू पटकन ओळखू येतील म्हणून जर्नेलसिंग आणि त्रिलोकसिंग यांना बसमध्ये खाली लपून बसावं लागे, अशा आठवणी त्या संघातल्यांनी नंतर सांगितल्या आहेत. भरगच्च स्टेडियम कोरियाच्या बाजूनं ओरडत होतं. ज्या गैरहजेरीमुळे हे सुवर्ण हलकं ठरवलं जातंय, त्याच गैरहजेरीच्या वादानं ते मिळवणं आपल्या पोरांना जड केलं होतं. मला या मेसेजचा सगळ्यात जास्त राग इथं आला.

त्यात जर्नेलसिंगचं डोकं फुटलेलं. थायलंडविरुद्ध जखम झाली, टाके पडले. तो मूळचा बचावपटू. हेडर मारायची चोरी, तर त्याला बचावात कसा ठेवणार? प्रशिक्षक रहीम साहेबांनी त्याला थेट आघाडीला नेलं. कॉलेजच्या दिवसांत तो पुढे खेळलेला होता, हे त्यांच्या ध्यानात होतं. त्यानं उपांत्य सामन्यातही गोल केला आणि अंतिम सामन्यातही. गोलरक्षक थंगराज तापानं आजारी होता. उपांत्य सामन्याला प्रद्युत बर्मन उभा राहिला आणि अंतिम सामन्याला थंगराज परतला. त्या काळी खेळाडू दुखावला तर बदली उतरवायची सोयही नव्हती.

अनवाणीचं प्रकरण मात्र माझ्या मैदानापर्यंत आलंय. एका लेकराच्या वडलांनी मला सांगितलं, "सर, ते अनवाणी जिंकले, मग आमच्या पोराला बूट कशाला?" म्हणून सविस्तर सांगतो. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले, हे खरं. फ्रान्सकडून १-२ असे हरलो, तेही दोन पेनल्टी वाया घालवून. १९५२ ला हेलसिंकीत थंडीत, ओल्या मैदानावर युगोस्लाव्हियानं १०-१ नं धुव्वा उडवला. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. १९५६ चं मेलबर्न, १९६० चं रोम, १९६२ चं जकार्ता हे सगळं बूट घालूनच खेळलेलं आहे. अनवाणी पायांनी आपल्याला शिकवलं ते एवढंच, की बूट हवेत.

१९५० च्या वर्ल्ड कपला आपण गेलो नाही त्याचं कारणही बूट नव्हे. भारतीय फुटबॉल महासंघानं तेव्हा संघनिवडीवरचे मतभेद आणि सरावाला वेळ नसल्याचं कारण दिलं होतं. वर्ल्ड कपपेक्षा ऑलिम्पिक मोठं, अशी तेव्हाची समजूत होती. ब्राझील प्रवासखर्चाचा मोठा वाटा उचलायला तयार होतं, तरी आपण गेलो नाही. त्या संघाचे कर्णधार शैलेन मन्ना यांनीच नंतर अनवाणीची गोष्ट खरी नसल्याचं सांगितलं.

आमचं मैदान काळ्या मातीचं. उन्हाळ्यात भेगा, पावसात चिखल, बाराही महिने बाभळीचे काटे आणि कुसळं. तिथं पोराला अनवाणी पळवून कुणी त्याला जकार्ताचा वारस समजू नये. नवे बूट परवडत नसतील तर मोठ्या पोरांचे आखूड झालेले बूट लहानांना द्यायची आमची रीत आहे. मागून घ्या, त्यात कसली लाज?

आता 'नशीब'. आधी काही नाही म्हणता? १९५१ ला दिल्लीतल्या पहिल्याच आशियाई स्पर्धेत इराणला १-० नं हरवून सुवर्ण. १९५६ ला मेलबर्नला ऑस्ट्रेलियाला ४-२, त्यात नेव्हिल डिसूझाची हॅटट्रिक, आणि ऑलिम्पिकमध्ये चौथा क्रमांक. १९६० ला रोममध्ये फ्रान्सशी १-१. नंतर काही नाही म्हणता, तर १९६४ च्या आशिया चषकात उपविजेतेपद आणि १९७० ला बँकॉकमध्ये कांस्य. उतरती कळा पुढे लागली, ती लपवायचं कारण नाही. पण १९५१ ते १९६२ या काळात दिल्ली, मेलबर्न, रोम आणि जकार्ता या चारही ठिकाणी सय्यद अब्दुल रहीम हा एकच माणूस संघामागे उभा होता.

मूळचे ते हैदराबादचे शाळामास्तर. खेळाडूंना ड्रिबलिंगची हौस फार, म्हणून ते ड्रिबलिंगला बंदी असलेल्या स्पर्धा भरवायचे. उजवाच पाय चालतो अशा पोरांसाठी फक्त कमकुवत पायानं खेळायच्या स्पर्धा. चेंडू आला की लगेच पुढे द्यायचा, ही सवय त्यातून लागली. त्यांनी घडवलेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघानं मुंबईचा रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा नेला. नशीब पाच वर्षं ओळीनं एकाच संघाच्या दारात येऊन बसतं का?

आणि या माणसाच्या नावापाशीच मेसेजचा 'बंगाल्यांचा खेळ' हा चौथा मुद्दा कोसळतो. अंतिम सामन्यातला संघ बघा. पी. के., चुनी गोस्वामी, अरुण घोष, प्रशांत सिन्हा हे बंगालकडचे, आणि चुनी कर्णधार. त्यांचा मान त्यांना. पण थंगराज, बलराम, युसूफ खान हे हैदराबाद-सिकंदराबादचे. जर्नेल पंजाबचा. चंद्रशेखर केरळचा, फ्रँको गोव्याचा, आणि दोघंही मुंबईच्या क्लबांकडून खेळणारे.

मराठवाड्याचा काय संबंध, हे विचारणाऱ्यानं आजोबांची जुनी कागदपत्रं काढून बघावीत. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे जिल्हे हैदराबाद राज्यातच होते. दिल्लीचं पहिलं सुवर्ण आलं तेव्हा रहीम साहेब आणि आपण एकाच राज्यात राहत होतो. मेलबर्नला १ डिसेंबरला ऑस्ट्रेलिया हरली, तेव्हा ते राज्य मोडून बरोबर एक महिना झाला होता. पूर्ण्याच्या या कॉलनीत सिकंदराबादहून बदलून आलेली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. लहानपणी मला चेंडू अडवायला शिकवणारे चाचा तिकडचेच. रहीम साहेबांचं नाव घेताना ते हातातलं काम थांबवायचे.

जकार्ताला जाताना रहीम साहेबांना फुप्फुसाचा कर्करोग झालेला होता. अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री त्यांनी खेळाडूंकडे एक भेट मागितली, सुवर्णाची. ती मिळाली. ११ जून १९६३ ला ते गेले, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी.

मेसेज पाठवणाऱ्या चौघांना हे सगळं मी पाठवतोय. ज्यांची लेकरं माझ्याकडे येतात त्यांना आणखी एक निरोप: या रविवारी सकाळी साडेसहाला, उजवा पाय चालणाऱ्यांनी फक्त डाव्यानं खेळायचं आहे. बूट घालून पाठवा.