छापल्याचं सर्टिफिकेट

माझं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे. एप्रिल-मे आला की सोलापूरच्या उन्हात पोरं-पोरी पेनड्राइव्ह घेऊन येतात. "काका, चार प्रती, काळं रेक्झिन, वर सोनेरी अक्षरं." पंधरा वर्षं एम.ए., एम.कॉम.चे प्रकल्प बांधतोय आणि बांधता बांधता वाचतोय. (बायको म्हणते, म्हणूनच धंदा होत नाही.)

गेल्या उन्हाळ्यात पूर्व भागातली एक मुलगी आली. घरात तेलुगू, आई बिड्या वळते. प्रकल्पही बिड्यांवरच. मजुरी हजार बिड्यांवर मिळते हे सोलापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. हिनं विचारलं ते वेगळंच. तपासताना ज्या बिड्या नापास म्हणून बाजूला काढतात, त्या वळायला गेलेल्या वेळेचं काय? दिलेला तेंदूपत्ता खराब निघाला तर जादा पानं कुणाच्या पैशानं येतात? तीस घरांत सुपाशेजारी बसून तिनं वह्या भरल्या होत्या. काही बायका तेलुगूत जे बोलल्या ते तसंच, खाली मराठी अर्थ देऊन. तक्ते टाइप करताना मीच मधे थांबून वाचत बसायचो.

बाइंडिंगचे पैसे देताना म्हणाली, "काका, यावरचा एक पेपर पण टाकून द्याल का कुठल्यातरी जर्नलमध्ये? छापल्याचं सर्टिफिकेट जोडल्याशिवाय प्रकल्पावर सही करणार नाही म्हणालेत सर."

नियम लेखी आहे का, विचारलं. नाही, तोंडी.

आता गंमत बघा. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापलाच पाहिजे, ही सक्ती यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) २०२२ च्या नियमावलीत काढून टाकली. थोरल्याच्या गळ्यातली सुटली ती धाकट्याच्या गळ्यात! एम.ए.च्या नव्या आराखड्यात दोन वर्षांचे ८८ क्रेडिट आहेत. पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीचे ४, तिसऱ्यात प्रकल्पाचे ४, चौथ्यात ६. म्हणजे पोरांनी संशोधन करायचं, लिहायचं, तोंडी परीक्षेत उत्तरं द्यायची, हे सगळं आधीच आहे. वर हे सर्टिफिकेट कशाला?

काही सर म्हणतात, पेपरच्या धाकाशिवाय पोरं वाचत नाहीत. खोटं नाही. पण धाकानं काय होतं ते माझ्या काउंटरवर दिसतं. व्हॉट्सॲपवर जाहिराती फिरतात: 'आंतरराष्ट्रीय' जर्नल, तीन दिवसांत प्रकाशित, पैसे भरा, सर्टिफिकेट घ्या. तपासणी कोण करतं? कुणीच नाही. एकदा एका पोराचा लेख मधली दोन पानं गहाळ होऊन गेला, तसाच छापून आला. काही सर अजून "केअर लिस्टमधलंच, म्हणजे यूजीसीच्या मान्य यादीतलंच जर्नल पाहिजे" म्हणतात. ती यादीच यूजीसीनं २०२५ मध्ये बंद केली.

वाङ्मयचौर्याचंही तेच. १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, पुढं शिक्षा. पण जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मराठी मजकूर सॉफ्टवेअरला निव्वळ गिचमीड दिसतो. साम्य शून्य! हे कळलेली पोरं मुद्दाम जुना फाँट मागतात. मी देत नाही, पण गल्लीत दुकान माझं एकट्याचं थोडंच आहे.

त्या मुलीला जर्नलनं १८०० रुपये सांगितले. आईच्या किती हजार बिड्या, हे तिनं तिथंच उभ्या उभ्या मोजलं. भरले. साठ पानांचं चार पानांत बसवायला तेलुगू वाक्यं आधी गेली, मग तक्ते गेले. राहिली प्रस्तावना आणि निष्कर्ष, जे कुणालाही घरबसल्या लिहिता येतात. सही झाली.

सरांनो, पेपर मागायचाच तर पास झाल्यावर मागा, चांगल्याच प्रकल्पाचा मागा, आणि पोरासोबत बसून तुम्हीही लिहा. नाहीतर निदान मूळ प्रकल्प तरी जपा. पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर चढतात, एम.ए.चे कपाटात जातात आणि कपाट भरलं की रद्दीत. माझीच सोनेरी अक्षरं मी रद्दीवाल्याच्या गाड्यावर ओळखली आहेत.

तिच्या प्रकल्पाची एक जादा प्रत, तिला विचारून, मी काढून ठेवलीय. अख्खी साठ पानं, तेलुगू वाक्यांसकट. कुणाला वाचायची असेल तर दुकानात या. दुपारी दोन ते चार बंद असतं.