वाटीतला चिकटा : एका रागावलेल्या वाचकांना उत्तर

नमस्कार सर,

'आजोबांचा फर्ग्युसन आणि आजचं पेट्रोल' या लेखात मी लिहिलं होतं की वीस टक्के इथेनॉल (उसापासून बनणारं अल्कोहोल) मिसळलेल्या आजच्या पेट्रोलमुळे आमचा जुना फर्ग्युसन ट्रॅक्टर बिघडला आणि टाकीत पाणी आलं. त्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया आधी रागात वाचली आणि दुसऱ्या दिवशी चहा घेऊन परत वाचली. दुसऱ्या वाचनात त्यातल्या निम्म्या गोष्टी पटल्या, म्हणून हे सविस्तर उत्तर.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सरांनी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत बावीस वर्षं काढली आहेत. त्यांचं म्हणणं असं की मी इथेनॉलला नावं ठेवून ऊसवाल्यांच्या पोटावर पाय देतोय. डिस्टिलरीतून बाहेर पडणारं इथेनॉल साडेनव्याण्णव टक्क्यांच्या वर शुद्ध असतं, मग टाकीत पाणी आलं कुठून? पेट्रोलमध्ये अल्कोहोलचं मिश्रण आजचं नाही, जुन्या काळीही होतं. २००० साली पेट्रोलमधलं शिसं काढलं तेव्हाही इंजिनं मरणार म्हणून लोकांनी असाच गळा काढला होता. आणि शेवटचा टोला : सगळा महाराष्ट्र डिझेल ट्रॅक्टरवर शेती करतोय आणि तुम्ही एका सत्तर वर्षांच्या भंगारासाठी ओरडताय.

शेवटच्या टोल्यापासून सुरुवात करतो, कारण तो बरोबर आहे. पेट्रोलचा ट्रॅक्टर आता शोधूनही सापडत नाही. आमचा फर्ग्युसन टीईए-२० मॉडेलचा आहे, इंग्लंडमधल्या कव्हेंट्रीत बनलेला, करड्या रंगाचा. १९४६ ते १९५६ या दहा वर्षांत या मालिकेतले पाच लाखांहून जास्त ट्रॅक्टर बनले आणि जगभर गेले. आजोबांनी आमचा सेकंडहँड घेतला, वडिलांनी त्यावर नांगरणी केली, मी त्याच्यावर फक्त शेणखताची ट्रॉली ओढतो आणि दसऱ्याला झेंडूचा हार घालतो. भंगार म्हणालात, त्याचा राग नाही. पण त्याच पंपावरचं तेच पेट्रोल तुमच्या-आमच्या फवारणी पंपात, ग्रास कटरमध्ये, छोट्या पॉवर वीडरमध्ये जातं. आणि ही यंत्रं ट्रॅक्टरसारखीच वर्षातले आठ-दहा महिने कोपऱ्यात उभी असतात. माझा मुद्दा खरं तर या उभं राहण्याचाच होता. तो लेखात नीट मांडला नाही, ही चूक माझी.

ऊसवाल्यांचं म्हणाल तर घरचा दीड एकर ऊस मीही दरवर्षी कारखान्याला घालतो. इथेनॉलचे पैसे लवकर येतात आणि त्यामुळे एफआरपीची (उसाच्या सरकारने ठरवलेल्या किमान दराची) थकबाकी कमी होते, हे मला माझ्या पासबुकातून कळतं. त्यामुळे तो आरोप तेवढा मागे घ्या.

आता पाण्याचं. इथेनॉल कोरडं निघतं हे तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं, आणि अडचण तिथूनच सुरू होते. ते कोरडं असतं म्हणून तहानलेलं असतं. साध्या पेट्रोलमध्ये पाणी जवळजवळ विरघळतच नाही. पूर्वी टाकीत पाणी गेलं तर ते टाकीखालच्या, पेट्रोल गाळणाऱ्या काचेच्या वाटीत मण्यासारखं बसायचं, बाहेरून दिसायचं. स्क्रू ढिला करून ओतून दिलं की काम झालं. आता ते थोडं थोडं इथेनॉलमध्ये मुरत राहतं, वाटीत काही दिसत नाही. मर्यादा ओलांडली, किंवा रात्री गारवा वाढला, की पाणी इथेनॉलला सोबत घेऊन एकदम तळाशी उतरतं. वर पेट्रोल, खाली पाणी आणि अल्कोहोल यांचं गढूळ मिश्रण. पेट्रोलचा कॉक टाकीच्या तळाला असतो, त्यामुळे कार्बोरेटरला पहिला घोट मिळतो तो या गढुळाचा.

पण इथे मला एक दुरुस्ती करायची आहे. 'पावसाळी हवेतलं पाणी इथेनॉलने ओढून घेतलं' असं मी लिहिलं होतं. तुम्ही विचारलंत, हवेतून एवढं? तुमचा प्रश्न वाचून मी शेडमध्ये जाऊन पाहिलं. टाकीच्या झाकणाचं रबर तडकलं होतं आणि बरोबर वरच्या पत्र्याला खिळ्याचं भोक होतं. पाणी पावसाचंच. नुसत्या हवेतून एवढं पाणी ओढायला फार काळ लागतो. लेखातलं ते वाक्य मी बदललं आहे.

मात्र ज्या गोष्टीमुळे मी तो लेख लिहायला बसलो ती पाण्याची नव्हतीच, आणि नेमकं तिच्याबद्दल तुम्ही काही बोलला नाहीत. म्हणून पुन्हा सांगतो.

खंडेनवमीला ट्रॅक्टर धुतला, पूजेला सुरू केला. दोन मिनिटं छान चालला आणि मग मिसिंग मारायला लागला. चोक अर्धा ओढून हवा कमी केली की सुरळीत, सोडला की बंद. म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. वाटी उघडली. तळाला बोटभर गढूळ पाणी होतंच, पण कॉर्कच्या वायसरभोवती तपकिरी, मधासारखा चिकट थर होता. जाळीवर तोच. कार्बोरेटर खोलला तर मेन जेटच्या, म्हणजे इंजिनाला पेट्रोल मोजून सोडणाऱ्या तोटीच्या, भोकातही तोच. आधी वाटलं जुन्या पेट्रोलचा गोंद असेल. पेट्रोलमध्ये बुडवलं, गेलं नाही. मुलीला लस दिल्यावर आणलेली स्पिरिटची बाटली घरात होती. तिच्यात कापूस बुडवून पुसलं आणि कापूस लगेच तांबडा झाला.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आमच्या जुन्या मिस्त्रींची सवय होती, पेट्रोलचा कुठलाही जोड बसवताना शेलॅक लावायची. शेलॅक म्हणजे आपला चपडा, लाख. जुन्या गॅरेजमध्ये ती बाटली असायचीच, कारण पेट्रोल चपड्याला काही करत नाही, जोड वर्षानुवर्षं टिकतो. पण चपडा विरघळवायचा तर सुतार काय करतो? स्पिरिटमध्ये, म्हणजे अल्कोहोलमध्येच, भिजत घालतो. फ्रेंच पॉलिशची सगळी कला त्यावर उभी आहे. आम्ही टाकीत वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल ओतलं आणि चार महिने मिस्त्रींचा जोड त्यात भिजत ठेवला.

अमेरिकेत जुन्या यंत्रांच्या काही कार्बोरेटरमध्ये कॉर्कचा फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) असायचा आणि त्यावरही चपड्याचाच लेप द्यायचे. त्यांचंही हेच होतं : लेप जातो, कॉर्क पेट्रोल पितो, फ्लोट जड होऊन बुडतो आणि कार्बोरेटर वाहायला लागतो. आमचा फ्लोट पितळी, म्हणून वाचलो.

म्हणून जुन्या इंजिनाबद्दल बोलताना मला पिस्टन, व्हॉल्व्ह यांची काळजी नाही. तिथे तुमची बाजू बरोबर आहे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं, तेव्हा व्हॉल्व्हच्या सीट झिजतील म्हणून बोंब झाली होती. सावकाश फिरणाऱ्या या ट्रॅक्टरचं त्याने फारसं काही बिघडलं नाही. याचं कॉम्प्रेशन सहास एकच्या आसपास. महायुद्धानंतरच्या ब्रिटनमधल्या हलक्या, सत्तरीतल्या ऑक्टेनच्या (दाबाखाली अवेळी न पेटण्याच्या ताकदीच्या) पेट्रोलसाठी तो बनवला. आजचं पेट्रोल ऑक्टेनच्या बाबतीत त्याला गरजेपेक्षा जास्तच चांगलं आहे. दुखणं आहे ते टाकीपासून जेटपर्यंतच्या हातभर वाटेत : रबर, कॉर्क, चपडा, आणि कार्बोरेटरची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असेल तर तिच्यावर येणारी पांढरी भुकटी.

मिश्रण जुनंच आहे हेही मान्य. ब्रिटनमध्ये १९२८ पासून 'क्लीव्हलँड डिस्कॉल' नावाचं अल्कोहोलमिश्रित पेट्रोल विकलं जायचं. आपल्याकडे १९४८ चा पॉवर अल्कोहोल कायदा होता, तुम्हाला तो माझ्यापेक्षा चांगला माहीत असणार. पण डिस्कॉल नको असेल तर ब्रिटिश शेतकरी शेजारच्या पंपावर जाऊन दुसरं घेऊ शकत होता. आमच्या तालुक्यात मी चार पंपांवर विचारलं, चारही ठिकाणी तेच. त्यात इथेनॉल किती ते पाहायला एका बाटलीत मोजून शंभर मिली पेट्रोल आणि दहा मिली पाणी घेतलं, हलवून ठेवलं. खालचा थर दहाचा अठ्ठावीसपर्यंत आला, म्हणजे पाण्याने अठरा मिली इथेनॉल खाली ओढलं. घरगुती प्रयोग आहे, दोन-तीन मिलीची चूक धरा. तरी वीस टक्के म्हणजे वीस टक्केच, त्यात कोणी फसवत नाही.

मायलेजच्या आकड्यांवरून भांडण नको. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे वीस टक्क्यांत सहा-सात टक्के घट हिशेबानेच येते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या चारचाकींसाठी हाच सहा-सात टक्क्यांचा आकडा आहे. पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये तीन ते सहा टक्के सांगितलं. वर्षाला तीस लिटर पेट्रोल पिणाऱ्या ट्रॅक्टरला काय फरक पडतो? त्याच निवेदनात जुन्या गाड्यांची काही रबरं आणि गॅसकेटं वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलावी लागतील असंही होतं. पण आमच्या ट्रॅक्टरला किलोमीटरचा काटाच नाही. त्याचं रबर पळून झिजत नाही, भिजून फुगतं.

इंजिनात हवा जास्त आणि पेट्रोल कमी, असं मिश्रण पातळ होण्याचा मुद्दा तुम्ही 'थिअरी' म्हणून सोडून दिलात. एक किलो पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९. वीस टक्के मिश्रणाला साडेतेराच्या जवळ. नवी गाडी सेन्सरवरून ओळखते आणि पेट्रोल वाढवते. आमच्या झेनिथ कार्बोरेटरला मेन जेटचं भोक ठरलेलं, तो कुणाला विचारणार? रिकाम्या ट्रॉलीला काही कळत नाही. भरल्या ट्रॉलीने चढ चढताना मात्र आवाज बदलतो आणि प्लग काढला तर टोक चुन्यासारखं पांढरं. मिस्त्रींच्या मुलाने एक नंबर मोठा जेट घातला, आता प्लग विटकरी दिसतो.

'मग करायचं काय, ते तरी सांगा' असंही तुम्ही म्हणालात. मी केलं ते सांगतो. चपड्याचे सगळे जोड खरवडून काढले. कॉर्कच्या जागी व्हायटनचं (इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचं) वायसर, नळी नवी, झाकणाचं रबर नवं, पत्र्याच्या भोकाला डांबर. मजुरी सोडून हजाराच्या आत झालं. मे अखेर टाकी रिकामी करतो, कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा. दसऱ्याला पाच लिटर नवं. टाकीतून काढलेलं पेट्रोल मोटारसायकलला, ती रोज फिरते, तिला दोन दिवसांत संपतं. सरकारकडे मागणी एवढीच की तालुक्याला एका पंपावर बिनइथेनॉलचं पेट्रोल मिळावं, महाग असलं तरी चालेल. ही मागणी ऊसवाल्यांच्या विरोधात कशी, ते मला अजून कळलेलं नाही.

आणि प्रतिक्रियेच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की तुमचा ग्रास कटर यंदा चोक ओढल्याशिवाय चालतच नाही, 'पण त्याचा इथेनॉलशी काही संबंध नाही, तीन वर्षं जुना आहे.' नसेलही. पण कार्बोरेटरचे चार स्क्रू काढून आतला डायफ्राम (पातळ पडदा) एकदा बोटाने दाबून बघा. नवा असताना तो कापडासारखा मऊ असतो. तुमचा पापडासारखा कडक लागला तर फोटो इथेच टाका, पुढचं बोलू.